व्यावसायिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट : पीएच.डी. आणि साय.डी.

अमेरिकेत चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्र व्यवसाय करायचा तर साधारणपणे डॉक्टरेट लागते. ती मुख्यतः दोन प्रकारची: पीएच.डी. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी). समुपदेशनाच्या क्षेत्रात एड.डी. (शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट) झालेलेही भेटतात, पण थोडे.

पीएच.डी.चा साचा १९४९मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर परिषदेत ठरला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करायला माणसे हवी होती. उपचार करणारा संशोधकही असला पाहिजे, असा आग्रह परिषदेने धरला. प्रत्यक्षात पदवीनंतर अनेकांचे संशोधन थांबे आणि दवाखानाच उरे. ही विसंगती ओळखून इलिनॉय विद्यापीठाने १९६८मध्ये डोनाल्ड पीटरसन यांच्या पुढाकाराने साय.डी. सुरू केली. कोलोरॅडोतल्याच व्हेल गावी १९७३मध्ये भरलेल्या परिषदेने या वाटेला मान्यता दिली. साय.डी.तही बहुधा प्रबंध असतो, पण भर रुग्णसेवेवर.

खरा फरक पैशात जाणवतो, आणि विद्यार्थ्याने तो आधी पाहावा. पीएच.डी.ला बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळतो. जागा मोजक्या, पण बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन. साय.डी.च्या तुकड्या मोठ्या असतात, प्रवेश तुलनेने सोपा असतो आणि फी बहुधा स्वतःच भरावी लागते. कर्जाचा बोजा पुढे अनेक वर्षे राहतो. काही विद्यापीठांतल्या साय.डी.ला आर्थिक साहाय्य मिळते, म्हणून सरसकट ठरवणे अन्यायाचे होईल.

उपचार शिकण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखी. विद्यार्थ्याने घेतलेल्या सत्राचे रेकॉर्डिंग मार्गदर्शक लावतात, मध्येच थांबवतात आणि विचारतात, “रुग्ण रडू लागला तेव्हा तू विषय का बदललास?” अशा प्रश्नांतूनच हात तयार होतो. शेवटी वर्षभराची इंटर्नशिप. तिथे विद्यार्थी आणि संस्था एकमेकांना पसंतीक्रम देतात आणि जोड्या संगणक लावतो. परवान्याची राष्ट्रीय परीक्षा एकच; परवानाही पदवीवरून उजवाडावा ठरत नाही.

ब्रिटनमध्ये ही निवडच नाही. तिथे तीन वर्षांची चिकित्सालयीन डॉक्टरेट असते आणि इंग्लंडमधले बहुतेक प्रशिक्षणार्थी सरकारी आरोग्यसेवेचे पगारी कर्मचारी असतात.

भारतात नुसत्या पीएच.डी.ने कुणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती वर्षानुवर्षे मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत आली आहे.