भारतीय स्त्रियांना मताधिकार ‘आयता’ मिळाला?

‘आपल्याकडच्या बायकांना मताचा हक्क न मागता, संविधानाबरोबर आयता मिळाला’ हे वाक्य दर निवडणुकीत फिरतं. ते खरं नाही.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारमधले भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि मताधिकार मागितला. मताधिकाराचा विचार करायला सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीने नकार दिला. तेव्हा 1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, संसदेच्या समितीपुढे बोलल्या, तिथे गावोगावी सभा घेतल्या. पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर ढकलला. म्हणून लढा पुन्हा इथे आला आणि 1921 मध्ये मद्रास व मुंबई प्रांतांनी दार उघडलं. मिळकतीची अट असल्याने ते मोजक्याच जणींसाठी उघडलं, हेही सांगायलाच हवं.

हे ऐकीव नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचं, दप्तर आहे, दिल्लीत तीन मूर्तीच्या संग्रहालयात अखिल भारतीय महिला परिषदेची कागदपत्रं आहेत.

संविधानाने सर्व प्रौढ स्त्रियांना हक्क दिला, हे खरंच मोठं पाऊल. पण पहिल्या मतदार याद्या करताना अनेकींनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच. नाव नाही तर नोंद नाही, असं ठरलं आणि जवळजवळ 28 लाख जणी यादीतून गळल्या.