मामांचा पुष्कराज पाण्यात

मागच्या गुरुवारी मामा लातूरहून आले ते खिशात कागदाची पुडी घेऊनच. पुडीत पिवळा खडा, सहा कॅरेटचा, गुरु कमजोर आहे म्हणून कुणीतरी सुचवलेला पुष्कराज, अजून अंगठीत बसवायचा होता. मला म्हणले, "तू सायन्सवाला ना, बघ बरं असली हाय का."

ग्रहांचं मला काही कळत नाही, पण खड्यांचं थोडं कळतं. पुष्कराजाच्या नावाखाली बऱ्याचदा 'सुनेला' नावाचा दुसराच पिवळा खडा, म्हणजे सिट्रीन, गळ्यात मारतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, पिवळा रंगही दोन्हीत बहुतेक वेळा लोखंडाच्या अंशामुळेच येतो. बाजारातला बराचसा सुनेला तर मुळात जांभळा ॲमेथिस्ट असतो, चार-पाचशे डिग्रीला भाजला की पिवळा पडतो.

पण जात एकदम वेगळी. सुनेला म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटीच हो, बांधावर सापडायची अन अंधारात एकमेकीवर घासून उजेड पाडायचो ती. सिलिकॉन अन ऑक्सिजन, बास. पुष्कराज हा नीलमचा सख्खा भाऊ, कोरंडम, त्यात ॲल्युमिनियम अन ऑक्सिजन. कोरंडम हे नावही आपल्याकडचंच बरं का, धार लावायचा कुरुंद असतो ना, तोच शब्द दक्षिणेतल्या भाषांमधून इंग्रजीत गेला.

आता गंमत बघा, ॲल्युमिनियमचा अणू सिलिकॉनपेक्षा किंचित हलकाच असतो, तरी पुष्कराज सुनेल्याच्या दीडपट जड. कारण सगळं रचण्यात आहे. क्वार्ट्झमध्ये अणूंची मांडणी ऐसपैस, मधे मोकळी जागा भरपूर, गाडीत सैल भरलेल्या कापसासारखी. कोरंडममध्ये ऑक्सिजनचे अणू एकमेकाला खेटून बसवलेले, जिनिंगमधून दाबून काढलेली गाठच जणू. म्हणून सुनेल्याची घनता पाण्याच्या 2.65 पट अन पुष्कराजाची जवळपास 4 पट.

मग काय, शेजारच्या सोनाराच्या पोराकडून 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मागून आणला. खड्याचं वजन भरलं 1.22 ग्रॅम. नंतर काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला अन खडा शिवायच्या दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, बुडाला टेकू द्यायचा नाही, काठालाही लागू द्यायचा नाही, बुडबुडा चिकटला असेल तर झटकायचा. आता काटा दाखवतो ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पुष्कराज असता तर 0.30 च्या आसपास यायला पाहिजे होतं. आलं 0.46. मामा चष्मा पुसून पुसून बघायलेत. 1.22 भागिले 0.46, उत्तर 2.65.

गारगोटी!

कडकपणातही असाच फरक आहे, मोहस स्केलवर सुनेला 7 अन पुष्कराज 9. दोनच पायऱ्या दिसतात खऱ्या, पण त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, कोरंडम क्वार्ट्झच्या चारेक पट कडक भरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतातच, त्यामुळे रोज वापरला की सुनेल्याच्या धारा वर्षानुवर्षांत बोथट होतात, पुष्कराजाला त्या धुळीचं काही वाटत नाही. पण म्हणून घासून बघायला जाऊ नका, खडा खराब होतो अन दुकानदार परत घेत नाही.

चमकेचं म्हणाल तर पुष्कराज प्रकाश जास्त वाकवतो, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) 1.76 अन सुनेल्याचा 1.54, म्हणून पृष्ठभागावरून साडेसात टक्के उजेड परत येतो, सुनेल्यावरून साडेचार. दोन्ही शेजारी ठेवले तरच कळतं, एकटा बघून मलाही सांगता येणार नाही.

मामांनी विचारलंच, "अन 4 आलं असतं तर असली?" तसंही नाही. प्रयोगशाळेत बनवलेला कोरंडम शंभराहून जास्त वर्षांपासून जगाला माहीत आहे अन त्याची घनता, कडकपणा सगळं खाणीतल्यासारखंच. तिथे काटा कामाचा नाही, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या वाकड्या रेषा, हवेचे बुडबुडे बघावे लागतात.

मी म्हणलं मामा, सुनेला म्हणून खडा चांगलाय, स्वच्छ आहे. मामा काही बोलले नाहीत. खडा पुडीत बांधला अन फोन लावत ओट्यावर गेले. जाताना काटा पण उचलून नेला.