अमेरिकन क्रांतीतल्या पूर्वजाशी नाते सिद्ध करताना: डीएआर सभासदत्वाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन, म्हणजेच डीएआर, ही अमेरिकन क्रांतीत सहभागी झालेल्यांच्या वंशज स्त्रियांची, १८९० साली स्थापन झालेली अमेरिकेतील संस्था. अर्जदार स्त्री असावी, वय १८ पूर्ण असावे आणि १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात, म्हणजे ब्रिटनविरुद्धच्या लढ्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पूर्वजाची ती थेट रक्ताची वंशज असावी. पूर्वज सैनिकच हवा असे नाही. फौजेला धान्य-गुरे पुरवणारा किंवा निष्ठेची शपथ घेतलेला माणूसही चालतो. पूर्वजाचा भाऊ किंवा दत्तक घराणे मात्र चालत नाही. नाते आईकडून असो वा वडिलांकडून, हरकत नाही. त्यामुळे वडील मराठी आणि आई अमेरिकेतल्या जुन्या घराण्यातली असेल, तर ती मुलगीही पात्र ठरते.

आधी संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्वजाचे नाव शोधा. त्याला पैसे पडत नाहीत. नाव सापडले तर त्याच्या कोणत्या अपत्याच्या वंशातून पूर्वी अर्ज मंजूर झालेत ते बघा आणि त्या अर्जाची प्रत विकत घ्या. नोंदीवर 'पुढील अर्जदाराने सेवा सिद्ध करावी' अशा अर्थाचा शेरा असेल, तर जुन्या मंजुरीवर विसंबू नका.

प्रत्येक पिढीचे जन्म, विवाह, मृत्यू यांची तारीख-ठिकाण लागते, पण खरा कस लागतो तो 'हा त्याचाच मुलगा' हे दाखवताना. स्वतः, आईवडील आणि आजी-आजोबा यांच्यासाठी सरकारी दाखले जोडा. दाखला आईवडिलांची नावे असलेला, सविस्तरच मागवा. संक्षिप्त दाखल्यावर ती नावे नसतात, मग नाते सिद्ध होणार कशावरून?

त्यामागे गेले की दाखले विरळ होतात. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर जन्म-मृत्यू नोंदणी १८४१ला सुरू झाली, साऊथ कॅरोलिनात थेट १९१५ला. जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते १८८०पासून लिहिले गेले. १८५०च्या जनगणनेत घरातल्या सर्व स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसांची नावे आहेत, त्याआधी फक्त प्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे आकडे. १८९०ची बहुतेक पाने १९२१च्या आगीनंतर हाती उरली नाहीत.

म्हणून १७९० ते १८५० हा टप्पा सर्वांत अवघड. इथे मृत्युपत्रे आणि वारसांनी मिळून केलेली खरेदीखते शोधा, आणि क्रांतीतल्या सैनिकाच्या पेन्शनची फाईल तर शोधाच. १८३२च्या पेन्शन कायद्यानुसार म्हाताऱ्या सैनिकाला शपथेवर आपली कहाणी सांगावी लागे: जन्म कुठला, कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, नंतर कुठे राहिला. १८३६पासून अनेक विधवांनाही हक्क मिळाला. लग्नाचा पुरावा म्हणून त्यांनी कौटुंबिक बायबलची पाने फाडून जोडली आणि ती आजही नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अभिलेखागाराच्या, फायलींत आहेत. फाईल क्रमांकाआधी 'एस' असेल तर सैनिकाची, 'डब्ल्यू' असेल तर विधवेची, 'आर' म्हणजे नामंजूर. नामंजूर फाईलही वाचाच; पेन्शन नाकारली म्हणून मुलांची नावे खोटी ठरत नाहीत.

घरच्या बायबलमधली पाने जोडताना छपाईचे साल असलेल्या शीर्षकपानाची प्रतही जोडा. बायबल १८४०चे आणि १७७०पासूनच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील, तर त्या आठवणीतून उतरवलेल्या आहेत. त्यांना दुसऱ्या पुराव्याचा आधार द्या.

फसगत होते ती बहुधा नावांत. 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे बापलेकच असे नाही. एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोन माणसांनाही, थोरला-धाकटा म्हणून, तसेच लिहीत. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारीतला जन्म '१७३१/३२' असा दिसतो. तो तसाच उतरवा. काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) पुढे विभागली गेली असेल, तर जुने दस्त मूळ काउंटीच्या कचेरीत सापडतात.

अर्ज स्थानिक शाखेच्या निबंधकामार्फत वॉशिंग्टनला जातो आणि तिथले वंशावळतज्ज्ञ पिढी-पिढी तपासतात. मूळ कागद देऊ नका, प्रतीच द्या. प्रत्येक प्रतीवर पिढीचा क्रमांक घाला. नेटवरची आयती वंशावळ पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातले दुवे पकडून मूळ नोंदीपर्यंत जा आणि तीच नोंद जोडा.