सोशल मीडियाच्या पोस्टला ‘३०० डीपीआय’ लागत नाही

‘३०० डीपीआय नसेल तर पोस्ट फाटते (धूसर दिसते), म्हणून डिझायनरच हवा,’ असं दादर-गिरगावात घरगुती फराळ विकणाऱ्या ताईंना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. डीपीआय हा छपाईचा हिशोब: एका इंचात किती ठिपके. मोबाइलवर महत्त्वाचे फक्त पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके. १०८० बाय १३५० पिक्सेलची इन्स्टाग्राम पोस्ट ७२ डीपीआयवर ठेवा नाहीतर ३०० वर, दिसते सारखीच. (बॅनर छापायचा तर गोष्ट वेगळी.) फोटो खरा फाटतो तो व्हॉट्सॲपवर. चकलीचा फोटो सेव्ह करून पुन्हा पुन्हा पाठवला की दरवेळी दाबून लहान केला जातो, काटे पुसट होतात, कडांना चौकोन दिसू लागतात. म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा. आणि भाव मोठ्या, ठळक अक्षरात लिहा. लोकलमध्ये उभ्याने मोबाइल बघणाऱ्यालाही तो वाचता यायला हवा.