वाडा आणि चाळ: दिसायला सारखे, जन्माने वेगळे

आमची आत्या पुण्यात सदाशिव पेठेत राहायची. ‘आम्ही वाड्यात राहतो’ असं ती ऐटीत सांगायची आणि मुंबईत गिरगावातले काका लगेच म्हणायचे, ‘म्हणजे चाळीतच की गं!’ आत्याचा पारा चढायचा. पण चौकातल्या एकाच नळापुढे सात बिऱ्हाडांच्या बादल्यांची रांग बघितली, की काकांचं म्हणणं अगदीच खोटं वाटायचं नाही.

खरा फरक बांधणाऱ्याच्या हेतूत आहे. वाडा बांधला जायचा एका कुटुंबासाठी, म्हणजे सुना-नातवंडं, आश्रित, नोकरचाकर धरून. चाळ पहिल्या विटेपासून भाड्यासाठीच.

वाड्याकडे रस्त्यावरून बघितलं तर बहुतेक वेळा भिंत आणि मोठं दार एवढंच दिसतं. त्या दारातल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, वाकून आत गेलं की देवडी (पहारेकऱ्याची जागा), मग चौक, चौकाभोवती ओसरी, आणि पार आत माजघर. उजेड, वारा, पाऊस सगळं चौकातून येणार. आत्याकडे ओसरीवरचे लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे होते आणि खोली किती मोठी हे ती अजून खणांत सांगायची. (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ‘आमची दोन खणांची खोली’ यातून चौरस फूट काढायला मला कधी जमलं नाही.) रस्त्याकडे तोंड करून कोरीवकाम मिरवणारे वाडेही आहेत. दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ चा विश्रामबागवाडा त्यातला ठळक.

मग वाड्यात सात बिऱ्हाडं आली कशी? कुटुंबं फुटली, मुलं नोकरीसाठी बाहेर पडली, रिकाम्या खोल्या भाड्याने गेल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं जिथल्या तिथे थिजलं, आणि महिन्याच्या चिल्लरीत माळवदाची (मातीच्या सपाट छताची) गळती कोण काढणार? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. वाडा असा चाळीसारखा झाला. तो चाळ म्हणून जन्मला नव्हता.

चाळीची ओळख म्हणून आपण गॅलरी सांगतो: एका ओळीत खोल्या, पुढे लाकडी कठडा, टोकाला सामाईक संडास. गिरगावात हे बरोबर आहे. पण वरळी-नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने बांधलेल्या) चाळींत जाऊन बघा. तिथे गॅलरी नाही, मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची. तरी ती चाळच, कारण खोली माझी आणि बाकी सगळं सगळ्यांचं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही सगळ्यांचा.

जतनाची भाषा सुरू झाली की हा फरक महागात पडतो. वारसा म्हटलं की नजर कोरीव खांबाकडे, महिरपीकडे जाते. त्यामुळे वाड्याला निदान वकील मिळतो. चाळीत कोरीव काही नसतं, तिचं मोल तिच्या बोळात असतं, आणि बोळ काही संग्रहालयात ठेवता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना बीडीडीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास आला याचं ज्याला अप्रूप वाटत नाही, त्याने पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहून बघावं. माझं म्हणणं एवढंच, की नकाशा काढताना लिफ्टबाहेर चार खुर्च्या मावतील एवढी जागा सोडायला काय हरकत होती?

वाड्यांचंही जतन बरेचदा चुकीच्या टोकाने होतं. विश्रामबागवाडा टिकला, पण १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, म्हणजे तो वापरात राहिला, हे विसरून चालत नाही. पेठांतल्या साध्या वाड्यांचं मात्र दार वाचतं आणि चौक जातो.

आत्याच्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. चौक होता तिथे गाड्या लागतात. बिल्डरने हौसेने जुना दरवाजा पॉलिश करून लॉबीत बसवलाय, पितळी कड्यांसकट. मी गेल्या दिवाळीत सवयीने दिंडी ढकलली. मागे प्लास्टर केलेली भिंत होती.