निचरा आणि खेळतं पाणी: वाळूच्या किनाऱ्याचं व्हिवेरियम बांधताना

काचेच्या टाकीत एका बाजूला वाळूचा उतार, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये वावरणारे खेकडे. असं व्हिवेरियम बांधताना पाण्याचा प्रश्न एकच आहे असं धरून बरेच जण मोठा पंप आणतात. प्रश्न मात्र दोन आहेत. वाळूत शिरलेलं पाणी खाली उतरतं का, हा निचऱ्याचा प्रश्न. पाण्याच्या भागातलं पाणी हलतं राहतं का, हा दुसरा. पहिलं काम गुरुत्वाकर्षण करतं, दुसरं पंप करतो, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

पंपाचं काम समजायला सोपं. पृष्ठभाग ढवळला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया फिल्टरपर्यंत पोहोचतो, तिथले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वाळू आत ओढली जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी स्पंज हवा, इतकं पाळलं की ही बाजू बरीचशी सांभाळली जाते.

खरी गफलत निचऱ्यात होते. पंप कितीही जोरदार असला तरी साचलेल्या बारीक वाळूच्या आतून पाणी फारसं फिरत नाही, ते वरून वाहून जातं. आत ऑक्सिजन संपला की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वाळू काळी पडते, उकरली की सडक्या अंड्यांचा वास येतो. वरचं पाणी स्वच्छ दिसत असतानाही हे घडू शकतं.

यावर नेहमीचा सल्ला म्हणजे वाळूखाली खडीचा थर द्या. तो अर्धाच बरोबर आहे. वाळूचे कण केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटींत पाणी ओढून धरणाऱ्या बळाने, पाणी धरून ठेवतात आणि खडीतल्या मोठ्या पोकळ्या ते खेचू शकत नाहीत. त्यामुळे वाळूचा सर्वांत खालचा पट्टा पुरता भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, आणि उतरल्यावरही तो पट्टा ओलाच राहतो. जाड वाळूत हा पट्टा काही सेंटिमीटरांचा असतो, बारीक वाळूत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे बारीक वाळूचा पातळ थर खडीवर पसरला तर तो सगळाच चिंब राहील. थर त्या पट्ट्यापेक्षा जाडच हवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: टाकीतल्या पाण्याच्या पातळीखालच्या वाळूचा निचरा होऊच शकत नाही. पाणी जाणार कुठे? म्हणून कोरडा किनारा हवा असेल तर पंप बदलू नका, वाळू उंच करा. जाळीचा उचललेला तळ पाण्याच्या पातळीच्या वर बसवून त्यावर वाळू घाला. मग खडीचा किंवा जाळीखालच्या पोकळीचा खरा उपयोग होतो, कारण खालचं पाणी केशाकर्षणाने वर चढत नाही. जमिनीवर राहणारे हर्मिट खेकडे कात टाकायला वाळूत गाडून घेतात. त्यांना आकार धरेल इतकी ओलसर वाळू हवी. तुंबलेल्या वाळूत ते गुदमरून मरतात. अशा प्राण्यांसाठी निचरा ही जगण्याची अट आहे.

दोन्ही कामं एकत्र येतात ती भरती-ओहोटीत. टायमरवरच्या पंपाने पाणी शेजारच्या टाकीत काढलं की पातळी खाली जाते, वाळूतलं पाणी झिरपून बाहेर येतं आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. खऱ्या किनाऱ्यावरही ओहोटीला वाळूत हवा अशीच खेळते. पण पातळीतली घट वाळूने धरलेल्या पट्ट्याच्या उंचीपेक्षा जास्त असायला हवी, नाहीतर पाणी वाळूतच अडून बसतं. बारीक वाळूत तेवढी घट लहान टाकीत साधत नाही, म्हणून ओहोटी करायची असेल तर वाळू जाडच निवडावी. शेजारच्या टाकीतून पाणी परत आणणाऱ्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एक लहान भोकही ठेवावं, म्हणजे वीज गेली तर सायफन (पंप बंद असतानाही नळीतून पाणी आपोआप उलटं वाहत राहणं) तुटतो आणि शेजारची टाकी ओसंडून वाहत नाही.