सोलापुरात घर बांधताय? आधी मार्जिनचा हिशोब, मग नकाशा

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला प्लॉट घेतला की घरात पहिला प्रश्न निघतो, "खोल्या किती बसतील?" माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी जागा किती सोडायची ते बघा. इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात ठेवायच्या मोकळ्या जागेला सरकारी कागदात सामासिक अंतर म्हणतात, आपण मार्जिन म्हणतो.

ते कशासाठी, हे दोन घरांमधली फूटभर फट बघितली की कळतं. गवंडी आत शिरू शकत नाही, बाहेरचा गिलावा राहून जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात आतल्या भिंतीला ओल येते. ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तर हात घालायला जागा नसते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत असेल, तर रात्रीसुद्धा वारा येत नाही. शहराच्या पूर्व भागात घरातच माग चालतात, सुताचे गठ्ठे असतात. तिथं आग लागली तर शिडी लावायला आणि माणसं बाहेर काढायला हीच जागा कामी येते.

किती सोडायचं, हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र, इमारतीची उंची आणि वापर यावर ठरतं. डिसेंबर 2020 पासून त्यासाठी राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. गावठाणातल्या दाट वस्तीचे नियम वेगळे आहेत, म्हणून पेठेतल्या मामाचं घर बघून जुळे सोलापुरातल्या प्लॉटचा अंदाज बांधू नका. सगळ्यात जास्त लोक फसतात ते पुढच्या मार्जिनमध्ये. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल, तर अंतर आजच्या कंपाउंडपासून नाही, रुंदीकरणाच्या रेषेपासून मोजतात.

अर्ज मालकाला किंवा त्याच्या कुलमुखत्याराला करता येतो. उताऱ्यावर भावांची नावं असतील तर सगळ्यांची संमती आधीच घेऊन ठेवा. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, मंजूर लेआउट, झोन दाखला (प्लॉट विकास आराखड्यात कोणत्या वापराच्या भागात येतो त्याचा), कर भरल्याची पावती, आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा, एवढे कागद लागतात. यातली मोजणी सर्वांत आधी करून घ्या. हद्दच चुकली तर नकाशातलं प्रत्येक मार्जिन चुकतं. गुंठेवारीचा, म्हणजे लेआउट मंजूर न करता तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल, तर आधी तो नियमित करून घ्या.

अर्ज ऑनलाइन जातो, तुमच्या आर्किटेक्टमार्फत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 44 खाली तो होतो, महापालिका छाननी करते, विकास शुल्क भरलं की परवानगी मिळते. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी प्रक्रिया सोपी आहे, नियमात बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावतीच परवानगी धरली जाते. मात्र मार्जिन तिथंही सोडावंच लागतं. परवानगी सोडून बांधलं तर कलम 53 ची नोटीस येते, आणि वाढवलेला भाग पाडायची वेळ येऊ शकते. भोगवटा प्रमाणपत्रही, म्हणजे बांधलेलं घर वापरायची परवानगी, अडकतं.

चुन्यानं आखणी होईल त्या दिवशी साइटवर स्वतः थांबा. जोतं झालं की तपासणी होते, त्याआधी टेप घेऊन चारही बाजू मोजा, गिलाव्याची जाडी धरून.